दात काढल्यावर अँटिबायोटिक: कोणाला लिहायचे, कोणाला नाही

निरोगी माणसाचा दात निघाला, खड्ड्यात रक्ताची गुठळी धरली, अंगात ताप नाही आणि पसरत जाणारी सूज नाही, तर अँटिबायोटिक लिहायचे नाही. दात पार सडलेला होता म्हणून नाही, एक्स-रेमध्ये मुळाशी गळू दिसले म्हणून नाही, मूळ मोडले आणि वेळ जास्त लागला म्हणूनही नाही. प्रत्यक्षात मात्र केसपेपरवर 'एक्स्ट्रॅक्शन' लिहून झाले की पेन न थांबता खालच्या ओळीवर अमॉक्सिसिलिन आणि मेट्रोनिडाझोल उतरवते. दोन्ही, पाच दिवस, सगळ्यांना. त्या सवयीऐवजी निर्णय कोणत्या क्रमाने घ्यायचा ते इथे मांडले आहे. मजकूर प्रिस्क्रिप्शन लिहिणाऱ्यांसाठी आहे. ज्यांच्या हातात ते पडते त्यांनीही वाचायला हरकत नाही.

गोळी कुठे पोचते आणि कुठे नाही

दात काढणे हाच मुळात संसर्गावरचा उपचार आहे. मेलेल्या पल्पला (दाताच्या आतल्या मऊ गाभ्याला) रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे पोटात घेतलेले औषध दाताच्या आत पोचत नाही. साचलेल्या पुवातही ते पुरेशा प्रमाणात शिरत नाही. दात निघाला की जंतूंचे ठाणे गेले आणि पुवाला वाट मिळाली. उरलेले काम शरीर स्वतः करते. खड्ड्यातल्या गुठळीत नव्या रक्तवाहिन्या शिरायला काही दिवस लागतात. म्हणून दात काढल्यानंतर संध्याकाळी सुरू केलेल्या गोळीकडून 'खड्ड्यात जंतू शिरू नयेत' ही अपेक्षा धरणे उशिराचे असते.

२०२१ साली अद्ययावत झालेल्या कोक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणाऱ्या अभ्यासात) २३ चाचण्या आणि ३,२०६ रुग्ण होते. निरोगी माणसांमध्ये एक संसर्ग टाळण्यासाठी सुमारे १९ जणांना अँटिबायोटिक द्यावे लागते, एक ड्राय सॉकेट (गुठळी विरघळून खड्ड्यातले हाड उघडे पडणे) टाळण्यासाठी सुमारे ४६ जणांना. आकडा वाईट नाही, असे वाटू शकते. पण या चाचण्या प्रामुख्याने अक्कलदाढा काढण्याच्या आहेत, म्हणजे ज्यात हाड कापावे लागते आणि संसर्गाची शक्यता जास्त असते. समोरचा हलणारा दात किंवा साधी दाढ यांत मुळात धोका कमी, त्यामुळे एकाला फायदा व्हायला याहून कितीतरी जास्त लोकांना औषध द्यावे लागेल. ताप, सूज आणि जबडा आखडणे यांत औषधाने ठोस फरक पडलेला दिसला नाही. आणि जो एक संसर्ग टळतो तो बहुधा धुऊन आणि निचरा करून बरा होणारा असतो. बाकी अठरा जणांपैकी कोणाला जुलाब, कोणाला तोंडात किंवा योनीमार्गात बुरशी, कोणाला अंगावर पुरळ, आणि क्वचित एखाद्याला अ‍ॅनाफिलॅक्सिस (अचानक उठणारी जीवघेणी अ‍ॅलर्जी) किंवा क्लॉस्ट्रिडिऑइडीस डिफिसिल या जंतूमुळे आतड्याचा गंभीर दाह. निरोगी माणसांना सरसकट अँटिबायोटिक देणे योग्य ठरत नाही, असा निष्कर्ष आढावाकारांनीही काढला आहे.

दात काढण्याआधी विचारायचे ते

अँटिबायोटिकचा खरा निर्णय भूल देण्याआधी होतो. दात काढून झाल्यावर आठवले की पेशंटच्या हृदयात कृत्रिम झडप आहे, तर उपयोगाची वेळ जवळजवळ निघून गेलेली असते.

'काही आजार आहे का' या प्रश्नाला 'नाही' हेच उत्तर येते. म्हणून नेमके विचारावे: हृदयाचे ऑपरेशन झाले आहे का, झडप बदलली आहे का, जन्मापासून हृदयाला छिद्र किंवा निळेपणाचा आजार होता का, हृदयाच्या आतल्या आवरणाला कधी संसर्ग झाला होता का. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०२१ च्या निवेदनानुसार प्रतिबंधक डोस फक्त सर्वाधिक धोक्याच्या गटाला द्यायचा: कृत्रिम झडप किंवा झडपेच्या दुरुस्तीत वापरलेले कृत्रिम साहित्य असलेले, पूर्वी एंडोकार्डायटिस (हृदयाच्या आतल्या आवरणाचा संसर्ग) झालेले, काही विशिष्ट जन्मजात दोष असलेले (दुरुस्त न केलेला निळेपणाचा दोष, कृत्रिम साहित्याने पूर्ण दुरुस्ती होऊन सहा महिने न झालेला, किंवा त्या साहित्याला लागून दोष शिल्लक असलेला), आणि हृदय प्रत्यारोपणानंतर झडप गळत असलेले. स्टेंट, बायपास, पेसमेकर, नुसती मर्मर (हृदयाच्या ठोक्यांतला जादा आवाज), साधा माइट्रल व्हॉल्व्ह प्रोलॅप्स (झडपेचा पडदा मागे फुगणे) यांना या डोसची गरज नसते. गुडघ्याचा किंवा खुब्याचा कृत्रिम सांधा असलेल्यांनाही सरसकट द्यायचा नाही. शंका असेल तर हाडांच्या सर्जनला फोन करावा.

डोस एकच: अमॉक्सिसिलिन २ ग्रॅम तोंडाने, दात काढण्याआधी ३० ते ६० मिनिटे. मुलांना किलोमागे ५० मिलिग्रॅम, पण एकूण २ ग्रॅमपेक्षा जास्त नाही. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर सेफालेक्सिन २ ग्रॅम, किंवा अझिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅम, किंवा डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम. पेनिसिलिनने पूर्वी अ‍ॅनाफिलॅक्सिस, चेहरा-ओठांची सूज किंवा अंगभर गांधी आल्या असतील तर सेफालेक्सिन टाळायचे. या यादीतून क्लिंडामायसिन २०२१ मध्ये वगळले गेले, कारण त्याच्या एका डोसनेही आतड्याचा गंभीर दाह होऊ शकतो. जुन्या पाठांतरात ते अजून आहे, म्हणून मुद्दाम सांगितले. डोस द्यायचा राहून गेला तर दात काढल्यानंतर दोन तासांच्या आत देता येतो. आणि पेशंट आधीच दुसऱ्या कारणासाठी अमॉक्सिसिलिन घेत असेल, तर तेच वाढवून न देता वेगळ्या गटातले औषध निवडायचे; काम थांबण्यासारखे असेल तर तो कोर्स संपल्यावर १० दिवस थांबायचे.

या एका डोसच्या मागे पाच दिवसांच्या गोळ्या जोडायच्या नाहीत. रक्तात जंतू शिरण्याचा क्षण दात निघताना असतो, त्या वेळी रक्तात औषध हवे. नंतरच्या गोळ्यांनी त्या क्षणाला काहीच मिळत नाही.

मधुमेह असेल तर 'डायबेटिक आहे' एवढ्यावर गोळ्या लिहू नयेत. साखर आटोक्यात असलेला मधुमेही दात काढण्यापुरता निरोगी माणसासारखाच. साखर फार वाढलेली असेल आणि दात थांबू शकत असेल तर आधी साखर आणावी. केमोथेरपी चालू असलेले, अवयव प्रत्यारोपण झालेले, दीर्घकाळ स्टेरॉइड किंवा रोगप्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणारे यांच्याबाबत त्यांच्या डॉक्टरांशी बोलून ठरवायचे. नुसते अँटिबायोटिक लिहून ही चर्चा टाळता येत नाही. जबड्यावर रेडिएशन झाले असेल, किंवा कर्करोगासाठी बिस्फॉस्फोनेट वा डेनोसुमॅबची (हाडाची झीज रोखणाऱ्या औषधांची) इंजेक्शने चालू असतील, तर दात काढणेच साध्या दवाखान्याचे काम राहत नाही. हाड उघडे पडून मरण्याचा धोका असतो आणि गोळ्यांच्या भरवशावर तो पत्करू नये. अशा पेशंटला तोंडाच्या सर्जनकडे पाठवा.

'पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी' हा शिक्का खोदून तपासा. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी सांगणाऱ्यांपैकी बहुसंख्यांना तपासणीत ती नसते. नेमके काय झाले, गोळी घेतल्यावर किती वेळाने, किती वर्षांपूर्वी, त्यानंतर कधी अमॉक्सिसिलिन घेतले का, एवढे विचारले की चित्र बरेच स्पष्ट होते. मळमळ किंवा जुलाब म्हणजे अ‍ॅलर्जी नव्हे. तासाभरात गांधी, ओठ सुजणे, श्वास लागणे हे खरे. शिक्का उगाच राहिला तर त्या माणसाला आयुष्यभर दुय्यम आणि जास्त त्रासदायक औषधे मिळत राहतात.

सूज असताना दात काढायचा नाही, हा समज

'आधी पाच दिवस गोळ्या खा, सूज उतरू दे, मग काढू' हे वाक्य अनेक दवाखान्यांत ऐकू येते. यामागे दोन गोष्टी आहेत. एक, सुजलेल्या जागी भूल नीट चढत नाही. हे खरे आहे, कारण संसर्ग झालेल्या ऊतीतली आम्लता वाढते आणि भुलीचे औषध कमी परिणाम करते. त्यावर उपाय म्हणजे सुजेपासून दूर नर्व्ह ब्लॉक (मुख्य नसेपाशीच भूल) देणे, आणि तरीही भूल चढत नसेल तर पुढच्या केंद्राकडे पाठवणे. दुसरी भीती अशी की सुजेत दात काढला तर संसर्ग पसरेल. प्रत्यक्षात कारण असलेला दात जितका लवकर निघेल तितका पसरण्याचा धोका कमी. गोळ्यांनी दुखणे दबते, पेशंटला बरे वाटते, तो परत येत नाही, आणि तीन आठवड्यांनी त्याच दाताची याहून मोठी सूज घेऊन येतो. दरम्यान त्याच्या तोंडातले जंतू त्या औषधाला सरावलेले असतात.

तेव्हा क्रम असा: शक्य असेल तर त्याच दिवशी दात काढा. खड्ड्यातून पू निचरला तर बोटाने हलका दाब देऊन तो पूर्ण येऊ द्या. हिरडीवर लिबलिबीत फुगा असेल तर तिथे छेद देऊन वेगळा निचरा करा, आणि गळू मोठे असेल तर निचऱ्याची रबरी पट्टी टाक्याने बसवा. निचरा करायचा सोडून अँटिबायोटिक वाढवणे हा सर्वात जास्त होणारा घोटाळा आहे.

काढतानाची काळजी

इथे वाचवलेली दहा मिनिटे नंतर गोळ्यांच्या रूपाने भरावी लागतात. सुरुवातीला पेशंटला ०.१२ किंवा ०.२ टक्के क्लोरहेक्सिडिनने मिनिटभर गुळणी करायला लावा. पूर्वी कधी क्लोरहेक्सिडिनने अंगावर काही उठले होते का, हे आधी विचारा. उघड्या खड्ड्यात मात्र ते सिरिंजने मारू नका. त्यातून तीव्र अ‍ॅलर्जीचे जीवघेणे प्रकार घडलेले आहेत. खड्डा धुवायला निर्जंतुक सलाइनच.

बर (हाड कापणारे फिरते टोक) वापरत असाल तर सलाइनची धार सतत चालू हवी. तापलेले हाड मरते आणि मेलेल्या हाडावर संसर्ग बसतो. शेवटी हाडाच्या सुट्या कपच्या, दाताचे तुकडे, टार्टर आणि फिलिंगचे कण काढा, मुळाच्या टोकाशी लोंबणारी लालसर ऊती हळू खरवडा, टोकदार कडा फाइलने गुळगुळीत करा. फ्लॅप (हाडावरून सोडवलेला हिरडीचा पदर) उचलला असेल तर त्याच्या खालची जागा मुद्दाम धुवा. खालच्या अक्कलदाढेनंतर दोन ते चार आठवड्यांनी अचानक येणारी सूज बहुतेकदा याच फटीत राहिलेल्या भुग्यामुळे येते. ती आली तर टाके उघडून जागा धुतल्याशिवाय कोणतीही गोळी पुरी पडत नाही.

हाड कापून काढायच्या खोल अक्कलदाढेसाठी काही सर्जन सुरुवातीआधी तासभर अमॉक्सिसिलिनचा एक डोस देतात. निरोगी पेशंटमध्ये याबद्दल मतभेद आहेत आणि दोन्ही बाजूंना आधार आहे. द्यायचे ठरले तर आधी आणि एकदाच. नंतर पाच दिवस देण्याच्या बाजूने यातले काहीच येत नाही.

लिहायचे ते केव्हा

दात काढल्यावरही संसर्ग खड्ड्याबाहेर, शरीरात पसरत असल्याची चिन्हे असतील तर. म्हणजे ३८ अंश सेल्सिअसवर ताप आणि अंगात कणकण, जबड्याखालच्या दुखऱ्या गाठी, हिरडीच्या सीमा ओलांडून गालावर किंवा जबड्याखाली पसरणारी कडक सूज, तोंड उघडेनासे होणे. पुवाला पुरेशी वाट करून देता आली नाही हेही कारण चालते. प्रतिकारशक्ती खरोखर कमी असलेल्या पेशंटच्या बाबतीत उंबरठा खाली आणा. एवढेच. नुसते दुखणे हे कारण नाही, दात काढल्याच्या जागेपुरती सूज हेही नाही.

प्रौढांसाठी पहिली निवड अमॉक्सिसिलिन ५०० मिलिग्रॅम, दर आठ तासांनी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अवेअर पुस्तकात (अँटिबायोटिक कसे वापरायचे याच्या मार्गदर्शिकेत) उगम नीट काढून टाकला असेल तर ३ दिवस आणि नसेल तर ५ दिवस अशी मुदत आहे. अमेरिकन डेंटल असोसिएशनची २०१९ ची मार्गदर्शिका ३ ते ७ दिवस म्हणते आणि तीन दिवसांत पेशंटला पुन्हा पाहायला सांगते. आपण व्यवहारात ३ दिवसांचे लिहावे आणि तिसऱ्या दिवशी बोलवावे. ताप, कणकण, पसरणारी सूज ही लक्षणे जाऊन २४ तास झाले असतील तर औषध बंद. 'कोर्स पूर्ण करा, नाहीतर जंतू माजतील' हे आपणच पेशंटला इतकी वर्षे सांगितले आहे की आता थांबवायला सांगताना त्याला नवल वाटते. दाताच्या संसर्गात उगम काढून टाकलेला असताना लांबलेल्या कोर्सने फायदा वाढत नाही, औषधाला दाद न देणारे जंतू मात्र टिकून वाढतात. फक्त एक स्पष्ट करा: पेशंटने आपल्या मनाने दुसऱ्या दिवशी सोडायचे नाही, आणि उरलेल्या गोळ्या घरात कोणाच्या दाढदुखीसाठी ठेवायच्या नाहीत.

पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल, पण वर सांगितलेल्या गंभीर प्रकाराची नसेल, तर सेफालेक्सिन ५०० मिलिग्रॅम दिवसातून चार वेळा. गंभीर असेल तर अझिथ्रोमायसिन पहिल्या दिवशी ५०० आणि पुढचे चार दिवस २५० मिलिग्रॅम, किंवा क्लिंडामायसिन ३०० मिलिग्रॅम दिवसातून चार वेळा. क्लिंडामायसिन देताना जुलाब सुरू झाले तर लगेच थांबवून फोन करायचा, हे लिहून द्या. अझिथ्रोमायसिन हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकते; लय बिघडवू शकणारी दुसरी औषधे घेणाऱ्यांना ते देऊ नका.

मेट्रोनिडाझोलबद्दल थोडे सविस्तर, कारण ते सर्वात जास्त उगाच लिहिले जाते. ते फक्त ऑक्सिजनविना वाढणाऱ्या जंतूंवर चालते. दाताच्या संसर्गातल्या स्ट्रेप्टोकॉकायवर एकट्याने चालत नाही. अमॉक्सिसिलिन दोन-तीन दिवसांत पुरे पडत नसेल आणि निचरा झालेला असेल, तेव्हा ते जोडायचे: ५०० मिलिग्रॅम दिवसातून तीन वेळा, ७ दिवस. त्याऐवजी अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट ५००/१२५ दिवसातून तीन वेळा देता येते. अमॉक्सिसिलिन आणि मेट्रोनिडाझोल एकत्र पहिल्याच दिवशी लिहिण्याला आधार नाही. मेट्रोनिडाझोल वॉरफरिनचा (रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा) परिणाम वाढवते आणि दात काढलेल्या जागेतून रक्त वाहू लागते; वॉरफरिनवरच्या पेशंटला ते द्यायचेच असेल तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी चाचणी) तपासण्याची सोय करूनच. दारू टाळायला सांगा. तोंडाला धातूची चव येते, हेही आधीच सांगितले तर पेशंट घाबरत नाही.

ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलसारख्या जोडगोळ्या, सेफिक्झिम, सिप्रोफ्लॉक्सासिन यांची या कामी गरज नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात सेफिक्झिम, सिप्रोफ्लॉक्सासिन आणि अझिथ्रोमायसिन 'वॉच' गटात येतात, म्हणजे जपून वापरायची. अमॉक्सिसिलिन आणि मेट्रोनिडाझोल 'अ‍ॅक्सेस' गटात. 'स्ट्राँग' गोळी म्हणजे महागडी किंवा नवी गोळी नव्हे, त्या जंतूंवर चालणारी गोळी.

मुलांचा डोस वजनावर. अमॉक्सिसिलिन दिवसाला किलोमागे २० ते ४० मिलिग्रॅम, तीन भागांत. काही मार्गदर्शिका याहून जास्त सांगतात. १५ किलोच्या मुलाला ३० च्या हिशोबाने दिवसाचे ४५० मिलिग्रॅम होतात, म्हणजे एका वेळी १५०. सिरप ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅमचे असेल तर ६ मिलिलिटर. 'एक चमचा' असे लिहू नका, मिलिलिटरमध्ये लिहा. सिरप दोन ताकदींचे मिळते आणि चूक तिथेच होते. गरोदर स्त्रीला अमॉक्सिसिलिन किंवा सेफालेक्सिन चालते, डॉक्सिसायक्लिन नाही. मेथोट्रेक्सेट (संधिवात किंवा कर्करोगावरचे औषध) घेणाऱ्यांना अमॉक्सिसिलिन देण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. त्याने मेथोट्रेक्सेट शरीरात साचते. मूत्रपिंड बरेच निकामी असेल तर डोस कमी करावा लागतो.

अँटिबायोटिकऐवजी काय लिहायचे

दुखणे हाताळले नाही तर पेशंट गोळ्या मागणारच, आणि मागेल ते त्याच्या दृष्टीने बरोबर आहे. भूल उतरण्याआधीच आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ५०० ते १००० मिलिग्रॅम सोबत द्या. पुढे दर सहा ते आठ तासांनी, पहिले दोन-तीन दिवस घड्याळाप्रमाणे. पॅरासिटामॉल दिवसाला ४ ग्रॅमच्या वर जाऊ नये. यकृताचा आजार, अतिशय कमी वजन किंवा रोजची दारू असेल तर मर्यादा आणखी खाली. घरात सर्दीची गोळी चालू असेल तर त्यातही पॅरासिटामॉल असते, हे विचारा. पोटाचा अल्सर, मूत्रपिंडाचा आजार, रक्त पातळ करणारी औषधे, वेदनाशामकाने उठणारा दमा, आणि गरोदरपणाचे २० आठवडे उलटून गेले असतील तर आयबुप्रोफेन नाही, फक्त पॅरासिटामॉल.

सूचना थोड्या आणि नेमक्या: गॉज अर्धा ते पाऊण तास घट्ट चावून धरायचा. पहिले २४ तास गुळणी नाही, थुंकायचे नाही, स्ट्रॉ नाही. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने जेवणानंतर हळू गुळण्या. बाकी दात नेहमीसारखे घासायचे. सिगारेट, विडी, तंबाखू निदान तीन दिवस बंद. हे शेवटचे सर्वांत कमी पाळले जाते आणि ड्राय सॉकेटला सर्वांत जास्त हातभार लावते.

तिसऱ्या दिवशीचा फोन

'डॉक्टर, दुखणे वाढलंय, इन्फेक्शन झालंय, काहीतरी स्ट्राँग द्या.' फोनवर गोळी सांगू नका. आधी बोलवा, निदान प्रश्न विचारा.

सूज ४८ ते ७२ तासांपर्यंत वाढतच जाते. दुसऱ्या दिवशी गाल पहिल्या दिवसापेक्षा मोठा दिसणे हे ठरल्याप्रमाणे आहे. पहिल्या दिवसाचा थोडा ताप, जबडा आखडणे हेही. खड्ड्यावर पांढरट-पिवळसर थर दिसतो तो फायब्रिनचा, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचा. पेशंट त्याला पू समजतो, कधी आपणही समजतो. दाबल्यावर बाहेर येत नसेल आणि वास नसेल तर तो पू नाही, त्याला हात लावायचा नाही.

ड्राय सॉकेट वेगळा ओळखू येतो. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, आधी कमी होत आलेले दुखणे एकदम उसळते, कानाकडे आणि कपाळाकडे जाते, वेदनाशामकाला दाद देत नाही. खड्डा रिकामा किंवा राखाडी कचऱ्याने भरलेला, हाड उघडे आणि स्पर्शाला कमालीचे दुखरे, तोंडाला घाण वास. ताप नाही, पू नाही, गाठी नाहीत. गुठळी वेळेआधी विरघळून उघडे पडलेले हाड दुखत असते. तो पसरता संसर्ग नसल्याने अँटिबायोटिक त्याला बरे करत नाही. खालच्या अक्कलदाढेनंतर, धूम्रपान करणाऱ्यांत, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत आणि फार जोर लावून काढलेल्या दाढेनंतर तो जास्त दिसतो.

त्याचा उपचार दहा मिनिटांचा. गरज वाटली तर भूल द्या. टाके आड येत असतील तर काढा. कोमट सलाइन १० ते २० मिलिलिटर, बोथट सुईच्या सिरिंजने हळू धारेने, अन्नकण निघेपर्यंत. खरवडू नका, रक्त काढून नवी गुठळी बसवण्याच्या नादात हाड आणखी उघडे पडते. मग युजेनॉलयुक्त (लवंगतेलातला अर्क असलेले) ड्रेसिंग सैल भरा, ठासून नाही. दुखणे बऱ्याचदा तासाभरात उतरते. एक-दोन दिवसांनी बदला, आणि गॉज वापरला असेल तर शेवटचा तुकडा बाहेर आला याची नोंद ठेवा. विसरलेला गॉज हेच पुढच्या संसर्गाचे कारण होते. सोबत आयबुप्रोफेन-पॅरासिटामॉल चालू. सात ते दहा दिवसांत हे थांबते.

खरा संसर्ग असा: तिसऱ्या दिवसानंतर कमी व्हायची ती सूज पुन्हा वाढू लागते, ताप परत येतो, दाबल्यावर खड्ड्यातून पू येतो, गाठी दुखतात. इथे खड्डा उघडा, एक्स-रे काढून मुळाचा तुकडा राहिला का बघा, धुवा, निचरा करा, आणि वरच्या निकषांत बसत असेल तर अमॉक्सिसिलिन. ४८ ते ७२ तासांत उतार नसेल तर औषध बदलण्याआधी चार प्रश्न: पू कुठे साचून आहे का, दात बरोबर काढला का, गोळ्या खरोखर वेळेवर घेतल्या का, निदान चुकले का. बऱ्याचदा उत्तर पहिल्याच प्रश्नात असते.

पेशंट हटून बसला तर

'मागच्या वेळी दिल्या होत्या, या वेळी का नाही?' यावर व्याख्यान नको. 'काका, जंतूंचे घर होते तो दातच काढला. आता गोळीला करायला काम नाही, उलट पोट बिघडेल. दुखण्याच्या गोळ्या नियमाने घ्या. तीन दिवसांनी सूज वाढली, ताप आला किंवा घाण पाणी येऊ लागले तर त्याच दिवशी मला दाखवा, मी बघतो.' यातले शेवटचे वाक्य खरे काम करते. पेशंटला गोळीपेक्षा भरवसा हवा असतो, आणि रात्री फोन लागेल असा क्रमांक हातात असला की बहुतेक जण समजून घेतात. दुसऱ्या दिवशी आपणहून केलेला दोन मिनिटांचा फोन याहून चांगला.

केसपेपरवर एक ओळ लिहा: 'ताप नाही, पसरती सूज नाही, गाठी नाहीत, तोंड पूर्ण उघडते, अँटिबायोटिक गरजेचे नाही, परत येण्याची लक्षणे समजावली.' दिले असेल तर कारण, औषध, डोस, दिवस आणि पुन्हा पाहण्याची तारीख. उद्या कोणी विचारले तर पाच दिवसांच्या विनाकारण गोळ्यांपेक्षा ही ओळ तुमची बाजू जास्त भक्कम मांडते.

दवाखान्यात न थांबवता पाठवायचे पेशंट

जिभेखालचा भाग वर उचललेला, जीभ टाळ्याकडे ढकललेली, लाळ गिळता येत नाही, आवाज घोगरा किंवा तोंडात काहीतरी भरल्यासारखा, जबड्याखाली दोन्ही बाजूंना लाकडासारखी कडक सूज. ही लुडविग्ज अँजायनाची चिन्हे आहेत आणि श्वासनलिका काही तासांत बंद होऊ शकते. तोंड दोन बोटांपेक्षा कमी उघडणे, सुजेने डोळा मिटणे, मानेकडे उतरणारी लाली, धाप, गुंगी हेही त्याच यादीत. अशा वेळी तोंडी गोळी देऊन 'उद्या बघू' म्हणायचे नाही. पेशंटला आडवे झोपवू नका, बसलेल्या स्थितीत ठेवा, रुग्णवाहिका बोलवा, भूलतज्ज्ञ आणि तोंडाचे सर्जन असलेल्या रुग्णालयाला आधी फोन करून कळवा. सोबत चिठ्ठी द्या: कोणता दात, कधी काढला, आतापर्यंत कोणते औषध किती डोस, अ‍ॅलर्जी, शेवटचे खाणे-पिणे किती वाजता, ताप किती आणि सूज कधीपासून वाढली.